कानाचं मशीन फोनला जोडलं की सारखं तुटतंय? आधी मशीन तपासा, मग ब्लूटूथ

हिअरिंग एड फोनला पेअर होतं, दोन-चार दिवस मस्त चालतं आणि मग परत तेच, कॉल आला की एकाच कानात आवाज, नाहीतर दोन्हीकडे गप्प, नाहीतर मशीनच्या कंपनीचं ॲप नुसतं गोल गोल फिरत बसतं आणि म्हणतं मशीन सापडत नाही. मग घरातलं कोणीतरी ब्लूटूथ बंद-चालू करतं, पेअरिंग काढून परत करतं, तेवढ्यापुरतं चालतं आणि थोड्या दिवसांनी परत पहिले पाढे पंचावन्न. ज्यांच्या कानात मशीन असतं ते शेवटी कंटाळून म्हणतात राहू दे, मी आपला फोन कानाला लावूनच बोलतो. हे ऐकलं की फार वाईट वाटतं, कारण फोनचा आवाज थेट मशीनमध्ये येणं ही त्यांच्यासाठी चैन नसते, फोनवर समोरच्याचे ओठ दिसत नाहीत त्यामुळे बोलणं नीट समजायचा तोच एक धड मार्ग असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की ब्लूटूथच्या मागे लागायच्या आधी फोन बाजूला ठेवून मशीन एकटं नीट चालतंय का ते बघा. 'ब्लूटूथचा प्रॉब्लेम' म्हणून सांगितलेल्या कितीतरी गोष्टी शेवटी कानातला मळ, उतरलेला सेल किंवा ओल निघतात, आणि तिथे तुम्ही शंभर वेळा पेअर करा, फरक पडणार नाही.

फोनशिवाय चाचणी

फोनचं ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. आयफोनवर वरून खाली ओढून येणाऱ्या पॅनलमधलं बटण दाबू नका, त्याने ब्लूटूथ पूर्ण बंद होत नाही. मग एका वेळी एकच मशीन कानात घालून शांत खोलीत समोरच्याशी बोला, नंतर दुसरं. एका बाजूला आवाज बारीक, घोगरा किंवा तुटक येत असेल तर दोष फोनमध्ये नाही हे तिथेच कळलं, फोनचा विषय संपला.

जे मशीन घालतात त्यांना दर वेळी हा फरक सांगता येतोच असं नाही, विशेषतः वय जास्त असेल तर. तेव्हा घरातल्या कोणीतरी मशीन चालू करून मुठीत बंद धरावं. शिट्टी वाजली म्हणजे आवाज बाहेर पडतोय. पण नवीन मशीन शिट्टी दाबायला शिकलेली असतात, त्यामुळे वाजली नाही म्हणजे बिघडलंच असं लगेच धरू नका. त्यापेक्षा खात्रीचं साधन म्हणजे मशीन ऐकून बघायची नळी, डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी दिसते, मशीन जिथून घेतलं तिथे मागितली तर मिळते. घरात कोणाचं मशीन असेल तर ही नळी असावीच असं मला मनापासून वाटतं. डावं-उजवं दोन्ही ऐकून बघितलं की कुठलं मशीन कमजोर आहे ते लगेच कळतं. फक्त आवाज मोठा असतो, तेव्हा व्हॉल्यूम कमी करून ऐका.

आणि एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नळीतून ऐकल्यावर मशीन एकदम ठणठणीत आहे, पण घालणाऱ्याला त्या कानाने अचानक ऐकू येईनासं झालंय, तर हे मशीनचं काम नाही. एका कानाचं ऐकणं एका-दोन दिवसांत एकदम उतरलं तर त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरकडे जा. यात उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितकी ऐकणं परत यायची शक्यता जास्त असते, आणि बरेच जण मशीन बिघडलं समजून दुरुस्तीत आठवडे घालवतात.

मळ आणि ओल

कानामागे बसणारं आणि बारीक वायर कानात जाणारं मशीन असेल तर वायरच्या टोकाला छोटा स्पीकर असतो, त्याला रिसीव्हर म्हणतात, आणि त्याच्या तोंडाशी तांदळाच्या दाण्याहून लहान पांढरी जाळी असते, तिला वॅक्स गार्ड म्हणतात. ही जाळी मळाने बंद झाली की आवाज हळूहळू कमी होत जातो, इतका हळू की माणूस म्हणतो माझंच ऐकणं कमी झालं. मशीन बंद वाटतंय असं कोणी म्हणालं की मी पहिल्यांदा इथेच बघायला सांगतो. वरचं रबरी टोपण, म्हणजे डोम, काढा आणि उजेडात धरून बघा. जाळी पिवळट, ओली किंवा चकचकीत दिसली तर बदलायची. ती साफ करायची नाही, सुई किंवा काडी तर अजिबात घालायची नाही, मळ अजून आत ढकलला जातो आणि रिसीव्हर कायमचा जातो. बदलायच्या काडीला दोन टोकं असतात, एकाने जुनी जाळी ओढून काढायची आणि दुसऱ्या टोकावरची नवीन दाबून बसवायची. जाळ्या वेगवेगळ्या प्रकारच्या असतात, एकीच्या जागी दुसरी बसेलच असं नाही, तेव्हा विकत घेताना मशीनचं मॉडेल सांगा.

डोम परत लावताना तो घट्ट बसलाय ना हे ओढून बघा. सैल डोम कानात राहिला तर चिमटा घालून शोधत बसू नका, डॉक्टरकडून काढून घ्या.

आवाज आत घेणारे माइक मशीनच्या पाठीवर असतात, दोन बारीक भोकं किंवा फट दिसते. तिथे केसांचं तेल, पावडर, घाम बसतो. कोरड्या मऊ ब्रशने झटका आणि झटकताना भोकं खालच्या बाजूला ठेवा म्हणजे कचरा खाली पडेल. पाणी, स्पिरिट, सॅनिटायझर काही नाही. गंमत अशी की माइक बुजलेला असला तरी फोनचा आवाज एकदम स्वच्छ येतो, कारण फोनचा आवाज माइकमधून येतच नाही. म्हणजे फोनवर नीट ऐकू येतं आणि समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही असं असेल तर सरळ माइक बघा. आणि दोन्ही बारीक येत असेल तर जाळी बघा. ही एक खूण लक्षात ठेवली तरी निम्मं काम होतं.

कानात साचा बसवलेला आणि जाड नळी असलेलं मशीन असेल तर नळीत पाण्याचा थेंब अडकलाय का बघा, तो थेंब पूर्ण आवाज अडवतो. साचा मशीनपासून सोडवून हवेच्या छोट्या रबरी फुग्याने फुंकर मारून काढतात. नळी काही महिन्यांनी कडक आणि पिवळी पडते, तिला चीर गेली की शिट्टी वाजायला लागते, ती बदलूनच घ्यावी लागते.

ओलीचं लक्षण वेगळं असतं. सकाळी ठीक, दुपारी घाम आला की आवाज तुटायला लागतो, खरखर येते, रात्री काढून ठेवलं की दुसऱ्या दिवशी परत ठीक. असं होत असेल तर रोज रात्री मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. सेलवालं असेल तर सेल बाहेर काढून, दार उघडं ठेवून, कारण त्या डबीत सेलसुद्धा कोरडा पडतो. चार्जिंगवालं मशीन गरम हवेच्या ड्रायरमध्ये ठेवायच्या आधी त्याच्या माहितीपत्रकात चालतं का ते बघा. हेअर ड्रायर, हीटर, कडक ऊन हे कुठल्याच मशीनला नको. मशीनच्या खोक्यावर आयपी 68, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाची खूण, असली म्हणून आंघोळीला घालायचं असं नाही, ती चाचणी साध्या पाण्यातली असते, साबण आणि शाम्पू जाळीत जाऊन बसतात.

सेल आणि चार्जिंग

हे फोनच्या प्रॉब्लेमशी सगळ्यात जास्त जोडलेलं आहे, म्हणून जरा नीट वाचा.

मशीनचे छोटे गोल सेल झिंक-एअर असतात, म्हणजे ते हवेतला ऑक्सिजन घेऊन चालतात. म्हणून त्यावर रंगीत स्टिकर असतो. पिवळा म्हणजे 10 नंबर, तपकिरी 312, केशरी 13, निळा 675. 312 आणि 13 वरून बघायला सारख्याच रुंदीचे दिसतात पण 13 जाड असतो, त्यामुळे चुकून 312 च्या जागी 13 घातला की दार लागत नाही आणि जोर लावला तर तुटतं. स्टिकर काढल्यावर लगेच सेल घालू नका, तीन ते पाच मिनिटं उघडा ठेवा, हवा आत जाऊन तो पूर्ण जागा व्हायला तेवढा वेळ लागतो. घाईने घातलेला सेल मशीन सुरू तर करतो पण फोन जोडला की दम तुटतो. आणि स्टिकर एकदा काढला की सेल वापरा न वापरा, तो संपत जातो, परत स्टिकर चिकटवून काही थांबत नाही.

आता मुख्य मुद्दा. फोनचा आवाज घेताना मशीनचा रेडिओ, म्हणजे ब्लूटूथचा भाग, चालू असतो आणि तो नुसत्या ऐकण्यापेक्षा जास्त करंट ओढतो. सेल उतरत आला की नुसतं ऐकण्यापुरती ताकद त्यात असते पण फोनपुरती नसते. म्हणून समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येतंय आणि कॉल आला की मशीन टूं टूं करून गप्प होतं किंवा तुटतं, असं झालं की लोक म्हणतात ब्लूटूथ खराब. नवीन सेल घाला, दोन्हीकडे एकाच वेळी घाला, आणि मग बघा. एकाच बाजूला नवीन घातला तर दुसरी बाजू आधी पडते आणि परत तीच 'एकाच कानात आवाज' ची तक्रार.

चार्जिंगवाल्या मशीनमध्ये रात्रभर ठेवूनही सकाळी एकच मशीन चार्ज झालेलं असेल तर चार्जरमधले धातूचे ठिपके आणि मशीनवरचे ठिपके कोरड्या कापडाने पुसा. डोमचा आकार बदलला असेल तर मशीन खाचेत पूर्ण बसत नाही हेही होतं, वरून बसलेलं दिसतं पण दिवा लागलेला नसतो. प्रत्येक मशीनचा दिवा लागलाय हे बघूनच झोपायचं. ही लिथियम-आयन बॅटरी असते आणि काही वर्षांनी फोनच्या बॅटरीसारखीच तिची क्षमता कमी होते, तेव्हा दिवसभर फोन आणि टीव्ही ऐकणाऱ्याचं मशीन संध्याकाळी बंद पडायला लागलं तर बॅटरी बदलून घ्यायची वेळ आली समजा.

सेल लहान मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागू देऊ नका. कोणी गिळला तर वाट न बघता लगेच दवाखाना.

आता फोन

वरचं सगळं ठीक असेल तरच इकडे या. सगळी मशीन फोनला एकाच पद्धतीने जोडली जात नाहीत, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते, शेजाऱ्याने सांगितलेली पद्धत तुमच्या मशीनला लागू होईलच असं नाही.

एक प्रकार आयफोनसाठी बनवलेल्या मशीनचा, त्यावर मेड फॉर आयफोन असं लिहिलेलं असतं. ही ब्लूटूथच्या यादीतून जोडायची नसतात. सेटिंग, मग ॲक्सेसिबिलिटी, मग हिअरिंग डिव्हायसेस, तिथून जोडायची. मशीन बंद करून परत चालू केली की त्या पानावर नाव दिसतं, नावावर टॅप करायचं आणि मग फोन 'पेअर' करू का विचारतो. दोन मशीन असतील तर हा प्रश्न दोनदा येतो, प्रत्येक कानासाठी एकदा, आणि दुसरा प्रश्न यायला कधीकधी मिनिटभर लागतं. लोक पहिल्याला हो म्हणतात आणि झालं समजून पानावरून बाहेर येतात, मग आयुष्यभर एकाच कानात आवाज. तेव्हा दोन्ही प्रश्न येईपर्यंत थांबा, आणि नावाखाली डावं आणि उजवं दोन्ही दिसतंय ना बघा.

अँड्रॉइडला दुसरी पद्धत आहे, तिचं नाव आशा, गूगलने ती 2018 मध्ये जाहीर केली आणि अँड्रॉइड 10 पासून फोनमध्ये आली. पण अँड्रॉइड 10 च्या वरचा प्रत्येक फोन ती देतोच असं नाही, ते फोन कंपनीवर असतं. म्हणून नवीन फोन घ्यायच्या आधी मशीनच्या कंपनीच्या साइटवर कुठले फोन चालतात त्याची यादी असते ती बघा, दुकानातला माणूस काय म्हणतो त्यावर जाऊ नका. फोन घेतल्यावर कळलं की हा चालत नाही तर कुठलंही सेटिंग त्याला वाचवू शकत नाही.

तिसरी पद्धत साध्या ब्लूटूथची, वायरलेस हेडफोन जोडतो तशी. फोनाक कंपनीची गेल्या काही वर्षांतली बरीच मशीन अशी जोडली जातात, त्यामुळे ती जवळपास कुठल्याही फोनला चालतात. पण इथे एक गोंधळ होतो, आवाजासाठी पेअर वेगळं आणि ॲपसाठी पेअर वेगळं. फोनच्या ब्लूटूथच्या यादीतून जोडलं की कॉल ऐकू येतो पण ॲप म्हणतं मशीन नाही, किंवा ॲपमध्ये जोडलं की व्हॉल्यूम बदलता येतो पण कॉल येत नाही. दोन्ही करावं लागतं. ॲप चालतंय म्हणजे कॉल येणार असं नाही, हे वाक्य लक्षात ठेवा.

आणि सगळ्यात नवीन म्हणजे एलई ऑडिओ, हे ब्लूटूथच्या संस्थेने 2020 मध्ये आणलं. अँड्रॉइड 13 पासून त्याची सोय आहे पण फोन आणि मशीन दोन्हीत ते असावं लागतं. काही फोनमध्ये ब्लूटूथच्या यादीत मशीनच्या नावापुढच्या चाकावर टॅप केलं की एलई ऑडिओचं वेगळं बटण दिसतं, आवाज सारखा तुटत असेल तर ते बंद करून एकदा बघा आणि चालू करून एकदा बघा.

अर्धवट काढलेलं पेअरिंग

सारखं तुटण्याचं मला सगळ्यात जास्त दिसणारं कारण हेच. पेअरिंग तीन ठिकाणी लक्षात ठेवलेलं असतं, ॲपमध्ये, फोनच्या सेटिंगमध्ये आणि मशीनमध्ये. आपण एका ठिकाणाहून काढतो आणि परत जोडायला जातो, मग जुनी ओळख आणि नवीन ओळख जुळत नाही, कधी जोडलं जातं कधी नाही. म्हणून काढायचं तर सगळीकडून काढा. आधी ॲपमध्ये जाऊन मशीन काढा, मग ब्लूटूथच्या यादीत त्या नावाच्या जितक्या नोंदी असतील, डावं उजवं वेगळं असेल तर दोन्ही, 'विसरा' म्हणजे फरगेट करा, आयफोन असेल तर हिअरिंग डिव्हायसेसच्या पानावरूनही करा. मग फोन पूर्ण बंद करून चालू करा, नुसता लॉक नाही. मशीन बंद करा.

आता घरातले बाकीचे सगळे फोन, टॅब्लेट, ज्यांच्याशी हे मशीन कधी जोडलं होतं, त्यांचं ब्लूटूथ बंद करा. हे लोक कधीच करत नाहीत. मशीन चालू झालं की ते आधी ओळखीच्या फोनकडे धावतं, शेजारच्या खोलीत जुना फोन कपाटात चार्जिंगला लावलेला असला तरी तिकडे जोडलं जातं आणि तुमच्या हातातल्या फोनवर काहीच दिसत नाही.

मग मशीन चालू करा, म्हणजे सेलचं दार उघडून बंद करा किंवा चार्जरमधून बाहेर काढा. बऱ्याच मशीनमध्ये चालू केल्यापासून साधारण तीन मिनिटंच ती नवीन फोनला ओळख देतात, त्यानंतर नाही. म्हणून आधी सेटिंगचं पान उघडून ठेवा आणि मग मशीन चालू करा, उलट केलं तर पान शोधेपर्यंत वेळ संपतो. मशीन फोनच्या अगदी जवळ, टेबलावर शेजारी ठेवा. तीन मिनिटं गेली तर परत बंद-चालू करून पहिल्यापासून. पेअर होत असताना मशीन कानात नसली तरी चालतं.

काही मशीनमध्ये बटण बराच वेळ दाबून धरलं की विमानासाठीचा मोड लागतो आणि रेडिओ बंद होतो, ऐकू नीट येतं पण फोनला सापडतच नाही. पिशवीत, खिशात बटण दाबलं जाऊन हे नकळत होतं. बंद-चालू केल्यावरही सापडत नसेल तर माहितीपत्रकात हा मोड कसा काढायचा ते बघा.

ॲपला मशीन दिसत नाही

अँड्रॉइडवर हे परवानगीचं प्रकरण असतं. अँड्रॉइड 11 आणि त्याआधीच्या फोनवर ब्लूटूथचं मशीन शोधायला लोकेशन चालू लागतं आणि ॲपला त्याची परवानगीही लागते. लोकांना वाटतं कानाच्या मशीनला माझा पत्ता कशाला हवा आणि ते नाही म्हणतात, समजण्यासारखं आहे, पण मग शोध चालतच नाही. अँड्रॉइड 12 पासून त्याऐवजी 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी आहे, ती द्या. दुसरं म्हणजे बॅटरी वाचवायच्या नादात फोन ॲप मागून बंद करतो, सकाळी जोडलेलं दुपारी तुटलेलं दिसतं. ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये त्यावरची मर्यादा काढा. काही फोनमध्ये 'आपोआप सुरू होऊ द्या' असंही वेगळं बटण असतं, तेही चालू ठेवा.

फोनचं मोठं अपडेट आल्यावर जोडणी बिघडली तर वर सांगितलं तसं सगळीकडून काढून एकदा परत करा. मशीनचं स्वतःचं अपडेट ॲपमधून आलं तर ते पूर्ण चार्ज झाल्यावर किंवा नवीन सेल घालूनच करा, ॲप उघडं ठेवा, फोन शेजारी ठेवा आणि मध्ये कॉल घेऊ नका.

एकाच कानात तुटतंय, तेही बाहेर पडलं की

इथे खिसा बघा. ब्लूटूथ 2.4 गिगाहर्ट्झवर चालतं आणि आपलं शरीर म्हणजे बहुतेक पाणीच, ते ही लहर शोषून घेतं. फोन पँटच्या उजव्या मागच्या खिशात असला की डाव्या कानापर्यंत पोचायला त्याला अख्खं शरीर ओलांडावं लागतं. घरात भिंतींवर आपटून लहर फिरून येते म्हणून चालतं, मोकळ्या मैदानात तसं होत नाही, म्हणून फिरायला गेल्यावर तुटतं. फोन शर्टच्या खिशात किंवा गळ्यात अडकवून एकदा फिरून बघा, तुटणं थांबलं तर मशीन आणि फोन दोघंही निर्दोष आहेत. चालू मायक्रोवेव्हजवळ तुटत असेल तर तोही त्याच पट्ट्यात काम करतो, दोन पावलं लांब जा.

फोन ठीक, कॉल आला की आवाज दुसरीकडेच जातो? गाडीचं ब्लूटूथ, स्मार्टवॉच, घरातला स्पीकर यातलं काहीतरी कॉल ओढून घेतंय. आयफोनवर हिअरिंग डिव्हायसेसच्या पानावर ऑडिओ राउटिंग असतं, तिथे कॉल कायम मशीनमध्येच पाठवायचा असं ठरवता येतं. अँड्रॉइडवर मशीनच्या नावापुढच्या चाकात 'फोन कॉल' आणि 'मीडिया ऑडिओ' अशी बटणं असतात, कॉल येत नसेल पण गाणी येत असतील तर पहिलं बंद असतं.

समोरच्याला तुमचा आवाज ऐकू येत नसेल तर हेही माहीत असू द्या की बऱ्याच मशीनमध्ये तुमचा आवाज मशीनचा माइक नाही, फोनचा माइक घेतो. फोन खिशात ठेवून बोलला तर समोरचा हॅलो हॅलो करत राहणार. फोन हातात, तोंडासमोर धरायचा.

मशीन मध्येच दोन सेकंद बंद पडतं

ही तक्रार ऐकली की लोक दुरुस्तीला धावतात आणि तिथे काही सापडत नाही. खरं कारण असं असू शकतं की व्हॉट्सॲपचा टिंग वाजला, फोनने तो आवाज मशीनमध्ये पाठवला, त्यासाठी मशीनने बाहेरच्या माइकचा आवाज कमी केला आणि समोरच्याचं अर्धं वाक्य गेलं. कीबोर्डच्या प्रत्येक बटणाच्या टकटकनेही हेच होतं. फोनचे टच साउंड आणि कीपॅडचे आवाज बंद करा, नोटिफिकेशन व्हायब्रेटवर टाका. आयफोनवर रिंगटोन मशीनमध्ये नको असेल तर तेही बंद करता येतं. नव्या अँड्रॉइडमध्ये कॉल मशीनमध्ये आणि नोटिफिकेशन फोनच्या स्पीकरवर असं वेगळं ठरवता येतं. वयस्कर माणसाच्या फोनवर हे एवढं एक काम करून दिलं तरी त्यांचा दिवस किती सोपा होतो ते बघा, कारण जेवताना सगळे बोलत असतात आणि त्यांना मधलेच शब्द गायब झालेले असतात, ते कोणाला सांगतही नाहीत.

फोनवरचं गाणं पातळ, बिनबासचं वाटतं हा दोष नसतो. डोमला भोकं असली, म्हणजे उघडा डोम असला, की जाडा आवाज कानातून बाहेर निघून जातो. ॲपमधल्या इक्वलायझरमध्ये बास वाढवा, फार त्रास होत असेल तर बंद डोम चालेल का ते ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे ऐकणं तपासून मशीन बसवून देणाऱ्या तज्ज्ञाला, विचारा, स्वतःच बदलू नका, त्याने स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटायला लागतो आणि मशीनचं सेटिंगही त्याप्रमाणे बदलावं लागतं.

एक मशीन दुरुस्तीहून बदलून आलं किंवा तात्पुरतं दुसरं मिळालं तर जुन्या पेअरिंगवर ते चालणार नाही. दोन्ही मशीन आधी एकमेकांशी ऑडिओलॉजिस्टच्या कॉम्प्युटरवर जोडावी लागतात आणि मग फोनवर सगळं काढून परत करायचं, हे दुकानातून निघायच्या आधी तिथेच करून घ्या.

एवढं करूनही तुटत असेल तर ऑडिओलॉजिस्टकडे जाताना नुसतं मशीन घेऊन जाऊ नका. फोन, चार्जर, वापरातल्या सेलची पट्टी सगळं न्या. आणि आदल्या काही दिवसांत कधी तुटलं, कुठला कान, कॉल होता की व्हिडिओ, फोन कुठल्या खिशात होता, सेल किती जुना होता, फोनवर अँड्रॉइड किंवा आयओएस कितवं आहे, हे कागदावर लिहून न्या. तिथे गेल्यावर पाच मिनिटं सगळं छान चालतं आणि तो म्हणतो काहीच प्रॉब्लेम दिसत नाही, हे टाळायचं तर ही नोंद हवीच. जे मशीन घालतात त्यांनाच तिथे बोलू द्या, घरच्यांनी मध्येच उत्तरं देऊ नका, कारण खरखर कशी येते आणि कुठल्या बाजूला येते हे फक्त त्यांनाच माहीत असतं.